मागचा फास

१

आधी जिना, मग डोंगर, असं ताईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यामुळे शिवणकारखाना सुटला की धाकटी घरी यायची, आपल्या लहानग्या लेकीला, ठकीला, उचलून तिच्या कपाळाला हात लावायची, ताप नाही ना बघायची, गॅसचं बटण पिळायची, पुन्हा एकदा पिळायची, आणि मग वाळूच्या पिशव्या भरलेली सॅक पाठीवर चढवून बिल्डिंगच्या तळाशी जाऊन उभी राहायची.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. नणंद तिला तशी हाक मारायची आणि तेच पुढे चिकटलं. नणंदेला मात्र सगळे ताईच म्हणत. घरचे म्हणत, शेजारपाजारचे म्हणत, आणि तिच्या दोराला बांधून घेऊन डोंगरावर जाऊन आलेले लांबलांबचे लोकही म्हणत. ताई लोकांना शिखरावर नेऊन परत आणायची. तेच तिचं काम. इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण तिच्या दोरावरून कुणी घसरून गेलं असं एकदाही झालं नव्हतं. अंगाने बघाल तर काडी. पण ती जिन्यात उभी राहिली की जिनाच सरळ उभा राहिल्यासारखा वाटायचा.

"बायको माझी स्टुलावर चढून डबा काढायला घाबरते," धाकटीचा नवरा दारात ठकीला कडेवर घेऊन हसायचा, "आणि ताई, तू हिला आभाळाला टेकवणार!"

"तू गप रे. तू झोक्यावरून पडून रडायचास ते सांगू का हिला?"

"सांगितलंयस. लग्नातच सांगितलंयस."

जिन्यात दोर बांधायचा असतो का? पण ताईचं म्हणणं, की दोराची सवय अंगाला पाहिजे, डोक्याला असून चालत नाही. दोराला ती तीन फास ठेवायची. पहिला धाकटीचा. त्यात धाकटी आपल्या कमरेच्या पट्ट्याची कडी अडकवायची. त्यानंतर बरंच अंतर सोडून दुसरा, ताईचा. आणि ताईच्या मागे तेवढंच अंतर सोडून दोराच्या अगदी शेवटाला तिसरा. रिकामा.

"तो कशाला?" धाकटीने विचारलं होतं.

"असू दे. मागे जागा ठेवावी."

धाकटी पुढे, ताई मागे. चढतानाही तसंच, उतरतानाही तसंच. "पुढचं कुणालाही दिसतं," ताई म्हणायची, "मागे राहायला माणूस लागतो." आणि एक गोष्ट ती घोकून घ्यायची. दोर जमिनीवर लोळू द्यायचा नाही. ढिला पडला की लगेच हाताने आत घ्यायचा, वेटोळं करून मुठीत धरायचा. धाकटीचे हात दिवसभर मशीनवर पट्टे सरकवणारे. ते हे चटकन शिकले. डोकं घाबरायचं, हात घाबरायचे नाहीत.

एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की काहीतरी ऐकू येत नाहीये.

तिच्या बुटांचा आवाज येत होता. ताईच्या बुटांचा येत होता. ताईच्या मागे दोराचं शेपूट होतं, फासाची जाड गाठ होती. ती पायरीपायरीवर आपटत यायला हवी होती. पायरीवर गाठ आपटली की कसा आवाज येतो, ते धाकटीला ठाऊक होतं, कारण दोर खाली नेताना तिच्याच हातून तो तसा घरंगळायचा. आता तो आवाज नव्हता.

वळणावर तिने मान वाकडी करून खाली पाहिलं. ताईच्या कमरेपासून दोर मागे गेला होता, कठड्यापलीकडे, खालच्या वळणाआड. लोळत नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर सरळ ताणलेला होता.

"अडकलाय वाटतं," ती म्हणाली.

"समोर बघ," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच. "समोर बघून चढ."

कठड्याच्या टोकाला अडकला असेल, धाकटीने मनाशी म्हटलं. आणि ती चढत राहिली. ताईही चढत राहिली. कठड्याला अडकलेला दोर असा बरोबर चढत येत नाही, हे तिच्या लक्षात आलं ते रात्री ठकीला थोपटताना, आणि तेव्हा तिने ते उशीखाली सारून टाकलं.

२

धाकटी आधी अशी नव्हती. कारखान्यात ती सगळ्यांत हसरी. डोंगरावर नेण्याच्या सॅका शिवायचा तो कारखाना, आणि खांद्याचे पट्टे हे तिचं काम. पट्ट्याला उलटसुलट टाके घालून तो असा पक्का करायचा की आख्खा माणूस लटकला तरी उसवू नये. मशीनच्या खडखडाटात ती मोठ्याने बोलायची, जेवणाच्या सुट्टीत नकला करायची.

ठकी झाली आणि तिच्यात भीती शिरली. सुरुवातीला सगळ्या आयांना वाटते तेवढीच. मग ती वाढत गेली. मूल झोपलं की श्वास चालू आहे का बघ. खिडकी लावली का बघ. रस्ता ओलांडताना तिला दोन्ही हातांनी आवळून धर. एक दिवस तर ती ठकीला घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली ती उभीच राहिली. पाय टाकवेना. आपण पडणार, आणि हिच्यावर पडणार, एवढंच दिसत होतं. खालून ताई येत होती. तिने ठकीला एका हातावर घेतलं, धाकटीचा हात दुसऱ्या हातात घेतला आणि दोघींना खाली आणलं.

"माझ्याबरोबर एकदा वर चल," अंगणात आल्यावर ती म्हणाली.

"मी? ताई, तुमचं डोकं फिरलंय."

"भीती जाईल असं मी म्हणत नाही. माझीही गेलेली नाही. पण तिला बसायला जागा कळते. आत्ता ती तुझ्या सगळ्या घरभर हिंडतेय."

"आणि मला काही झालं तर? ही एवढीशी आहे, ताई."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मुलाबाळांचं ताईला काही नव्हतं. लग्नच केलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, माझ्या मागे आहे तेवढं पुरे.

"मी तुला हिच्या हातात परत आणून देईन," ती म्हणाली. "दुसरं काही नाही, तूच. एवढं माझ्यावर सोड."

धाकटीने सोडलं. ताईवर कुणीही सोडलं असतं. फक्त निघायच्या दिवशी सकाळी ठकी गळ्याला मिठी मारून सुटेना, तेव्हा धाकटीला वाटलं, जग गेलं चुलीत, मी जात नाही. नवऱ्याने मुलीचे हात एकेक बोट करून सोडवले. "जा," तो म्हणाला. "आणि परत ये. पोळ्या मला गोल येत नाहीत."

३

डोंगराच्या खांद्यावर दगडी खोली होती. शिखराला जाणारे तिथेच मुक्काम करत. खोली सांभाळणारी बाई ताईला बघून उठूनच उभी राहिली. तिने धाकटीचे ओले मोजे शेकोटीजवळ टांगले आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"तुझ्या नणंदेसारखं माणूस नाही बघ या डोंगरावर. मोठमोठे आले, छाती पुढे काढून आले, आणि कुणाचा ना कुणाचा माणूस राहिलाच वर. हिचा नाही. मागून धरते ना! एकदा तर चौघं एकदम घसरले, आणि हिने एकटीने पेलले. एकटीने! मी म्हटलं, बाई, तुझ्या अंगात आहे काय?"

"काही नाही," ताई म्हणाली. "जेवायला वाढ."

सगळ्यांचे दोर आत भिंतीच्या खुंट्यांवर होते. ताईने आपला दोर बाहेर ठेवला. दाराशेजारी एका दगडाला टोक बांधलं आणि उरलेला बर्फावर सोडून दिला.

"भिजेल की," धाकटी म्हणाली. "सकाळी लाकडासारखा होईल."

"माझा दोर आत येत नाही," ताई म्हणाली. आणि जरा थांबून, "आत आणत नाही मी," असं म्हणाली.

उजाडताना बर्फ भुरभुरून गेला होता. धाकटी तोंड धुवायला बाहेर आली. सगळं पांढरं, नवं, कुणी पाऊल न टाकलेलं. दोरही बर्फाखाली गेला होता, नुसती एक फुगीर रेघ दिसत होती. पण ती रेघ जिथे संपत होती, जिथे तो तिसरा फास होता, तिथे बर्फ नव्हता. काळा दगड उघडा होता. कोरडा. पाय पोटाशी घेऊन एखादं माणूस बसलं, तर जेवढी जागा अडेल तेवढाच.

तिने तोंड धुतलं नाही. ती आत गेली.

दगड ऊन धरतो, तिने स्वतःला समजावलं. कुत्रं बसलं असेल. पण कुत्र्याला येताना पाय लागतात आणि जाताना पाय लागतात, आणि त्या पांढऱ्यावर तर एक ठसा नव्हता. ती बोलली असती. पण समोर ताई शांतपणे बुटांच्या नाड्या आवळत होती. ते हात बघितले की तोंडातला शब्द आपोआप मागे फिरायचा.

४

डोंगर सुंदर होता. हे आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली म्हणून सुंदर गोष्ट काही कमी सुंदर होत नाही. धार वर वर निमुळती होत गेली होती, आणि दोन्ही बाजूंना एवढी खोली होती की तिच्यात ढग निवांत पडून होते. बर्फावर पहिलं ऊन आलं तेव्हा तो गुलाबी झाला, मग सोनेरी, मग असा पांढरा की डोळे मिटावेत. धाकटीला वाटलं, हे रोज इथे होतं आणि आपण खाली गॅसचं बटण पिळत बसतो.

"पाय सपाट टाक," मागून ताईचा आवाज. "घाई नाही. डोंगर कुठे जात नाही."

"मी जाते की काय ते बघा."

"तू पण जात नाहीस. मी धरलंय."

आणि खरंच धरलं होतं. कमरेला दोराची ओढ अशी लागायची की मागे कुणीतरी पाठीवर हात ठेवून चाललंय. ना जास्त, ना कमी. धाकटी घसरली दोनतीनदा, तर घसरण्याआधीच दोर ताठ झालेला असायचा. कसं कळतं हिला? मशीनवर सुई मोडायच्या आधी आवाज बदलतो, तसं काही हिला ऐकू येतं की काय! आयुष्यात तिला कुणाचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

एकदाच तिने वळून पाहिलं. ताई खाली होती, वाकून चढत होती. तिच्या मागचा दोर ढगात गेला होता. आणि ताईचं तोंड तिला दिसलं. मागचं जड ओझं ओढणाऱ्या माणसाचं असतं तसं.

शिखराच्या अगदी खाली दगडांची एक चिंचोळी घळ होती. धाकटी वर पोचली. ताई घळीत असताना तिने आधाराला धरलेली शिळा हलली. आवाज फारसा झाला नाही. ताई ओरडलीसुद्धा नाही. ती वर आली तेव्हा उजवा हात छातीशी धरलेला होता आणि हातमोज्यातून रक्त ठिबकत होतं.

५

शिखरावर वारा नव्हता. खाली सगळीकडे ढगांचं पठार, आणि मधे दोघी. धाकटीने आपला गळपट्टा फाडून ताईची बोटं बांधली. ती बोटं होती तशी पुन्हा होणार नाहीत, हे तिला शिवणाऱ्या बाईच्या नजरेने कळलं. ती रडली. ताई रडली नाही.

"बघ तर," ताई म्हणाली. "एवढं चढून आलीस आणि हाताकडे काय बघतेस? समोर बघ."

धाकटीने बघितलं. पोटभर बघितलं. आणि मग उतरायची वेळ झाली.

"तू पुढे हो," ताई म्हणाली. "मी मागे. नेहमीसारखं."

"असं कसं? उतरताना जखमी माणूस पुढे, धडधाकट माणूस वर. तुम्हीच शिकवलंत. तुमच्या एका हाताने मी घसरले तर पेलणार आहात का मला?"

"मी पेलते."

"ताई, घरी ठकी आहे. मला दोघींना उतरवायचंय."

ताई डोळे बारीक करून दोराच्या शेवटाकडे बघत राहिली. तो धारेच्या कडेवरून खाली लोंबत होता.

धाकटीने कड्या बदलल्या. पहिल्या फासात ताई, दुसऱ्यात ती स्वतः. तिचे हात काम करत होते. "हा मागचा सोडवून टाकते," ती म्हणाली, "उगाच दगडाबिगडाला अडकायचा. रिकामाच तर आहे."

"हात लावू नकोस."

"अहो, पण..."

"धाकटे." ताईने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. "तो रिकामा नाही."

वारा नव्हता, म्हणून ते नीट ऐकू आलं. दुसरं काही ऐकू आलं असं म्हणायला जागाच नव्हती.

"कोण आहे?"

"मला माहीत नाही. माझ्या पहिल्या शिखरापासून आहे. मी मागे राहते ती याच्यासाठी. दुसऱ्या कुणाशेजारी ते येऊ नये म्हणून." ती हे अगदी साधेपणाने बोलली, दूध उतू जातंय बघ म्हणावं तसं. "मागे बघू नकोस. दोर ताणला तर थांब. ढिला पडला तर चालत राहा. आणि काही झालं तरी आत ओढू नकोस."

६

उतरायला लागल्या आणि ढग वर आले. ताई पुढे, डोळ्यांना अंधूक दिसेल एवढ्या अंतरावर. धाकटी मागे. तिच्या पाठीशी दोर होता आणि दोराच्या शेवटाला होता तो फास.

सुरुवातीला दोर ताठ होता. कमरेला मागून, वरून ओढ. धाकटी पाऊल टाकायची, मग ती ओढ एक पाऊल खाली यायची. एवढं एकसारखं. तिने ठरवलं, विचार करायचा नाही. हा ओला दोर आहे आणि तो स्वतःच्या वजनाने घसटत येतोय. ताईच्या बोटांना लागलंय, रक्त गेलंय, माणूस काहीही बोलतं अशा वेळी. घरी गेल्यावर पहिलं काम, ठकीला आंघोळ. मग भात टाकायचा. मग गॅस बंद करायचा, एकदाच.

किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या मुठीत वेटोळं होतं. तिने खाली पाहिलं. दोराचं जाडजूड वेटोळं, नीट, एकावर एक घातलेलं. तिने कधी घातलं? आणि मग तिला समजलं. दोर ढिला पडत होता. मघापासून पडत होता. आणि तिचे हात, कशालाही न घाबरणारे तिचे हात, शिकवल्याप्रमाणे तो लोळू देत नव्हते. आत घेत होते.

मागे आता थोडाच दोर उरला होता.

ऐकू काही येत नव्हतं, पण एखाद्या खोलीत आपल्यामागे कुणी येऊन उभं राहिलं की आपल्या पाठीला कळतं, तसं तिच्या पाठीला कळलं. ढग थंड होता आणि पाठीमागे थोडा कमी थंड होता.

"ताई," ती हळूच म्हणाली. मोठ्याने बोलवेना. "ताई, ते जवळ आलंय."

"चालत राहा." ताई ढगातून म्हणाली. "मी आहे."

धाकटीने मूठ उघडली. वेटोळं सुटून सरसरत मागे गेलं. ते खाली पडलं नाही. कुणीतरी घेतल्यासारखं हातातून गेलं.

आणि त्याच क्षणी पुढे ताई घसरली.

डाव्या हाताने आधार घेताना बर्फ निसटला असेल. ढगात नुसता एक "अगं" ऐकू आला आणि मग कमरेला असा हिसका बसला की धाकटी पोटावर आपटली आणि पाय पुढे करून खाली निघाली. तिने बुटांची टोकं रोवली. कोपरं रोवली. बर्फ लोण्यासारखा कापला जात होता. खाली धार संपत होती, आणि धार संपल्यावर काय होतं ते तिने सकाळी उन्हात पाहिलं होतं. ठकीचे हात एकेक बोट करून सुटले होते ते तिला आठवलं. ती किंचाळली, ताईसाठी नाही, देवासाठी नाही. "धरा!" एवढंच किंचाळली.

मागचा दोर ताणला गेला.

ती थांबली. खाली ताई थांबली. सगळं थांबलं. दोर सुंऽऽ करून वाजला आणि गप्प झाला.

घसरताना धाकटी उलटी फिरली होती. आता तिचं तोंड वरच्या बाजूला होतं. बघू नकोस असं सांगितलेलं, पण डोळे मिटायचं भानच नव्हतं. ढग जरासा विरला. दोर वर गेला होता, काठीसारखा सरळ, आणि त्याच्या टोकाला तो फास हवेत होता, कमरेएवढ्या उंचीवर, कशाभोवती तरी गच्च आवळलेला. आवळलेल्या फासाच्या आत काही नव्हतं. खाली बर्फात दोन खड्डे होते. टाचांचे. बर्फ त्या खड्ड्यांच्या कडांवरून भुरभुरत होता, कारण ते अजून खोल जात होते. हळूहळू. जड माणूस जीव खाऊन टाचा रोवतं तसे. पायांत अंतर ठेवून, वजन मागे टाकून, ताई शिकवते अगदी तसं. नव्हे, त्याहून चांगलं. असं कुणाला धरता येत असेल असं धाकटीला वाटलं नव्हतं.

मग ढग मिटला.

"धाकटे!" खालून ताई. "धरलंस का गं?"

"मी नाही," धाकटी म्हणाली. "मी नाही धरलं, ताई."



७

उतार संपून दगडांची साधी वाट लागते तिथे त्या बसल्या. ढग वर राहिले होते. खाली लांब पूल दिसत होता, पुलापलीकडे घरं, घरांत कुठेतरी एक मुलगी खिडकीला नाक लावून बसलेली.

"त्या चौघांना मी पेललं असं सगळे म्हणतात," ताई म्हणाली. ती दोराकडे बघत नव्हती. "मीही तसंच समजत होते. मला वाटायचं, ते मला मागे ओढतंय. आयुष्यभर मी त्याला ओढून खाली आणतेय असंच वाटायचं."

धाकटीला एक विचार आला होता आणि तो जात नव्हता. दोरावरचं माणूस दुसऱ्याला जीव खाऊन धरतं, ते दुसऱ्यासाठी असतं, हे खरं. पण स्वतःलाही खाली यायचं असतं म्हणूनही असतं.

तिने आपली कडी सोडवली. ताईची सोडवली, कारण ताईला जमेना. मग दोघी थांबल्या. तिसरा फास वाटेवर, त्यांच्यामागे, मोठ्या दगडापलीकडे होता. नेहमी ताई तो तसाच, गाठीसकट, गुंडाळून घेऊन जायची. आज दोर ओढून घ्यायचा धीर दोघींनाही होईना.

त्या पाठ करून बसून राहिल्या. मागे दोर दगडावर जरासा घासला. पुन्हा घासला. ओली, गच्च आवळलेली गाठ सोडवताना हात कसा चिकाटीने काम करतो, तसा तो आवाज होता. मग थांबला.

धाकटीने दोर आत घेतला. हलका आला. टोकाला गाठ नव्हती. दोर जिथे इतकी वर्षं वळलेला होता तिथे नुसता बाक राहिला होता, आणि तो बाक कोमट होता.

"इतक्या वर्षांत कधी सोडली नव्हती," ताई म्हणाली. तिचा चेहरा धाकटीने कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडावर लहान मुलाची भीती. "तू हो पुढे. लवकर. ठकीकडे जा. मी मागे राहते."

वाट अरुंद होती, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. दोघींपैकी कुणीतरी मागे राहणं भाग होतं. धाकटीने ताईचा बांधलेला हात पाहिला. त्यातून पुन्हा रक्त आलं होतं. हा हात इतकी वर्षं सगळ्यांच्या आणि त्या फासाच्या मधे होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे, ताई," ती म्हणाली.

"अगं, तुझी मुलगी..."

"म्हणूनच. व्हा पुढे."

ताई उठली. धाकटी तिच्या मागे चालू लागली. तिच्या मागे वाट होती. थोडं चालल्यावर ती मान न वळवता, साध्या आवाजात बोलली, पाहुण्याशी बोलावं तसं. "तुम्ही धरलंत, ते मी विसरणार नाही. पण पुलापर्यंतच या. पुढे माझं घर आहे. घरात लहान मूल आहे."

पाखरं होती, ती गप्प झाली.

"इथला दगड सुटा आहे, जपून," पुढून ताईने सांगितलं आणि ती तो ओलांडून गेली.

धाकटीने पाय जपून टाकला. तीही ओलांडून गेली. पुढे वाट सोपी होती, उताराला पूल होता, धावत सुटावं असं वाटत होतं. पण तिने चाल जरा कमी केली.

"इथला दगड सुटा आहे," ती मागे म्हणाली. आणि दगड वाजेपर्यंत थांबली.